गार्ड नसलेल्या कटरला धक्क्यावर करंट देऊ नये



बंदीचे दिवस चालू आहेत. १ जून ते ३१ जुलै, एकसष्ट दिवस इंजिनाच्या होड्या समुद्रात जायच्या नाहीत. मालीम असो, शापोरा असो, वास्कोचा खारीवाडा असो की तिकडे कुटबण, सगळीकडे चित्र तेच. ट्रॉलर धक्क्याला बांधलेले, काही वर ओढलेले, लहान होड्या शाकारलेल्या. एका बाजूला जाळी दुरुस्त करत बसलेली माणसं आणि दुसऱ्या बाजूला सकाळपासून संध्याकाळपर्यंत कटरचा आवाज.

कटर म्हणजे तेच हातातलं मशीन, दुकानात ज्याला अँगल ग्राइंडर म्हणतात. गंजलेला बोल्ट कापायचा, विंचचा सडलेला पाया काढायचा, ट्रॉलच्या फळीची लोखंडी पट्टी बदलायची, शाफ्ट सोडवायचा, फायबरचा खराब भाग घासायचा, सगळ्याला हेच मशीन. पूर्वी हॅक्सॉने अर्धा दिवस खाणारं काम आता पाच मिनिटांत होतं. मशीन वाईट आहे असं कोणी म्हणणार नाही, आम्हीही म्हणत नाही. पण ज्या तऱ्हेने ते आपल्या धक्क्यांवर वापरलं जातं त्याबद्दल आता स्पष्ट बोलायची वेळ आली आहे.

आमचं म्हणणं एका वाक्यात सांगतो. ज्या कटरला गार्ड नाही, त्याला संस्थेच्या बोर्डावरून करंट मिळू नये. मशीन कोणाचंही असो, काम कितीही घाईचं असो. हा नियम कडक वाटेल, काहींना रागही येईल. म्हणून तो का हवा, हे नीट मांडतो. सगळं वाचा आणि मग ठरवा.

चकती किती जोरात फिरते

चार इंची कटर मिनिटाला साधारण ११,००० फेऱ्या मारतं. चकतीच्या कडेचा वेग काढला तर तो ताशी दोनशे किलोमीटरच्या वर जातो. म्हणजे हायवेवरच्या गाडीच्या दुप्पट वेगाने ती कडा तुमच्या बोटांपासून वीतभर अंतरावर फिरत असते. आणि ती चकती लोखंडाची नसते. वाळूसारखे कण रेझीनमध्ये बसवून, आत काचेच्या धाग्याची जाळी घालून बनवलेली ती पातळ भाकरी आहे. कापायची चकती तर एक ते तीन मिलिमीटर जाडीची. सरळ कापताना ती दणकट, पण आडवा दाब दिला की तुटते.

तुटली की तिचे तुकडे त्याच वेगाने बाहेर पडतात. कुठल्या दिशेने जातील ते कोणी सांगू शकत नाही. त्या तुकड्यांच्या आणि माणसाच्या मध्ये एकच गोष्ट असते, ती म्हणजे गार्ड. ठिणग्या अंगावर येऊ नयेत एवढ्यासाठी तो लावलेला नाही. चकती फुटली तर तुकडा तोंडाकडे, गळ्याकडे, मांडीकडे येऊ नये म्हणून तो आहे. तो चकती आणि आपण यांच्या मधे राहील असा फिरवून घट्ट करायचा असतो.

आपल्याकडे नवीन मशीन आणलं की पहिल्या आठवड्यात गार्ड निघतो आणि कुठल्यातरी डब्यात जातो. कारणं दोन. एक, "गार्डमुळे कोपऱ्यात जात नाही." दुसरं, "गार्ड असला की मोठी चकती बसत नाही."

दुसऱ्या कारणाकडे आधी बघू, कारण तेच जास्त धोक्याचं आहे. चार इंची मशीनवर सात इंची चकती लावतात, भोक मोठं असतं म्हणून वायसर टाकून जमवतात. आता हिशेब करा. सात इंची चकतीवर कंपनीने जास्तीत जास्त साधारण ८,५०० फेऱ्या लिहिलेल्या असतात. चार इंची मशीन फिरतं ११,००० ने. म्हणजे चकतीची कडा ताशी पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास जाते, जिथे तिची मर्यादा ताशी २८८ आहे. आणि चकतीला फाडणारा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे तो दीडपटीहून जास्त होतो. वर वायसरमुळे ती मधोमध बसलेली नसते, थरथरते. हे कापण्याचं हत्यार राहत नाही, हातात धरलेला सुतळी बॉम्ब होतो. नियम सोपा आहे. चकतीवर लिहिलेल्या फेऱ्या मशीनवर लिहिलेल्या फेऱ्यांपेक्षा जास्त किंवा तेवढ्याच हव्यात, आणि चकतीचा आकार गार्डमध्ये मावला पाहिजे. मावत नसेल तर मोठं मशीन आणा.

पहिल्या कारणाला उत्तर असं. जिथे गार्डसकट कटर जात नाही, तिथे कटरचं काम नाही. तिथे छिन्नी-हातोडा आहे, हॅक्सॉचं नुसतं पातं आहे, नट फोडायचं हत्यार आहे, उभ्या पात्याची करवत आहे. वेळ जास्त जाईल हे खरं. तो जाऊ द्यावा.

लाकडाचं दातेरी पातं

लाकडी होड्यांच्या कामात आणखी एक खोड शिरली आहे. कटरवर लाकूड कापायचं दातेरी गोल पातं लावायचं. मेस्त लोकांना काम पटापट होतं म्हणून ते आवडतं. पण लाकडात दाता अडकला की ११,००० फेऱ्यांचा सगळा झटका मशीनच्या मुठीत येतो, आणि मशीन हातातून उसळून मांडीवर, पोटावर किंवा मानेवर येतं. त्या मशीनला झटका सहन करणारी यंत्रणा नाही, लाकूड धरून ठेवणारी पट्टी नाही, आणि बटण बहुतेक वेळा पुढे सरकवून अडकवायचं असतं. हात सुटला तरी ते चालूच राहतं. लाकडासाठी सर्क्युलर सॉ आहे, जिगसॉ आहे. कटरवर दातेरी पातं गार्ड लावूनही नको. आमचं मत आहे की धक्क्यावर त्याला सरळ बंदी असावी.

चकती हवा खाते

ही गोष्ट आपल्यासारख्या खाऱ्या हवेतल्या लोकांना खास सांगण्यासारखी आहे. रेझीनची चकती दमट हवेत ओल शोषते आणि आतून कमजोर होते. वरून बघितलं तर नवी कोरी दिसते. आपण ती ठेवतो कुठे? इंजिनाच्या खणात, हत्यारांच्या पेटीत, डिझेलच्या फडक्याखाली, वर चार पाने आणि एक हातोडा. म्हणजे ओल, तेल आणि वजन, तिन्ही एकत्र.

बऱ्याच चांगल्या चकत्यांवर मधल्या लोखंडी कड्यावर महिना आणि वर्ष छापलेलं असतं. ती चकती कधीपर्यंत वापरायची त्याची तारीख. साधारण बनवल्यापासून तीन वर्षांची असते. गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख आपण बघतो, तशी ही बघायची. तारीख गेलेली, कडेला टवका उडालेली, पाण्यात पडलेली, वाकलेली चकती मोडून टाकायची. "अजून अर्धी आहे" म्हणून जपून ठेवायची नाही. चकत्या कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात, सपाट ठेवायच्या. नवी चकती लावली की कापायला लागण्याआधी अर्धा-एक मिनिट मोकळी फिरवायची, तिच्या रेषेतून बाजूला उभं राहून. फुटायचीच असेल तर तेव्हा फुटू दे.

आणि कापायच्या पातळ चकतीच्या बाजूने घासायचं नाही. बोल्ट कापला की राहिलेली धार त्याच चकतीने सपाट करायची सवय आपल्याकडे सर्रास आहे. घासायची चकती वेगळी, जाड असते. बदलायला दोन मिनिटं लागतात. बदलताना पिन प्लगमधून काढायची, नुसतं बटण बंद करून भागत नाही.

झटका कुठून येतो

कटरचा झटका कोणाला माहीत नाही असा वेल्डर नसेल. तो बहुतेक वेळा चकती कापात चिमटली म्हणून येतो. पाईप किंवा अँगल दोन्ही टोकांना टेकवून मधे कापला की तो मधे खचतो, काप मिटतो आणि चकती पकडली जाते. म्हणून कापायचा तुकडा असा टेकवायचा की कापता कापता काप उघडत जाईल, आणि निघणारं टोक मोकळं खाली जाईल. दुसरा माणूस "धरतो" म्हणून पुढे हात घालतो, ते बंद करा. शिकंजा वापरा, बांधा, पाचर मारा.

मशीन दोन्ही हातांनी धरायचं. बाजूची मूठ त्यासाठीच असते, गार्डबरोबर तीही डब्यात जाते. उभं राहताना चकतीच्या सरळ रेषेत आपलं तोंड किंवा शरीर ठेवायचं नाही. शिडीवर एका पायावर उभं राहून, एका हाताने काठ धरून, दुसऱ्या हाताने कटर चालवायचं नाही. पराती बांधायला वेळ लागतो, पण पडलेल्या माणसाला उचलायला त्याहून जास्त लागतो.

आपल्या धंद्यात एक वेगळा धोका आहे, तो ताणाचा. विंचवरचा तारेचा दोर, नांगराची साखळी, अडकलेला शॅकल, यांच्यावर ताण असताना कापलं तर सुटलेलं टोक चाबकासारखं फिरतं. आधी ताण काढा, विंच ढिला करा, मग कापा. तारेचा दोर कापताना कापाच्या दोन्ही बाजूंना घट्ट बांधून घ्या, नाहीतर तारा उलगडून तोंडावर येतात. पंख्याला गुंडाळलेला नायलॉनचा दोर कटरने कापू नका. तो वितळतो, चकतीला चिकटतो आणि ओढून नेतो. त्याला सुरीच बरी.

अंगावरच्या कपड्यांचंही तेच. लुंगी, गळ्यातला टॉवेल, सैल बाह्या, सैल सुती हातमोजे, मोकळे केस. घट्ट बसणारे चामड्याचे हातमोजे चालतील. पायात बंद बूट हवेत. सपाता नकोत.

होडी म्हणजे गॅरेज नव्हे

रस्त्यावरच्या वेल्डिंगच्या दुकानात ठिणगी उडाली तर सिमेंटवर पडते. आपल्याकडे ती कुठे पडते ते बघा. बाजूला लाखो रुपयांची जाळी पसरलेली. खाली खणात सांडलेलं डिझेल, तेलकट चिंध्या. शेजारच्या होडीवर फायबरचं काम चाललेलं, म्हणजे रेझीन आणि ॲसिटोनचे उघडे डबे. आउटबोर्ड असलेल्या होडीत पेट्रोलचा कॅन. चार्जिंगला लावलेली बॅटरी, जिच्यातून निघणारा हायड्रोजन ठिणगी लागली की स्फोट करतो. बर्फाच्या खणाच्या भिंतीत पफ भरलेला, जो एकदा आतून धुमसायला लागला की बाहेर दिसत नाही आणि त्याचा धूर विषारी असतो.

म्हणून कापायच्या जागेपासून दहा मीटर तरी मोकळं हवं. तेवढी जागा नसेल तर जाळी हलवा, राहिलेलं ओल्या गोणपाटाने झाका. भिंतीच्या पलीकडे काय आहे ते जाऊन बघा. पाण्याची बादली आणि अग्निशामक हाताशी ठेवा. काम संपल्यावर किमान अर्धा तास, जमलं तर तासभर, एक माणूस तिथेच थांबला पाहिजे. होडीला आग बहुतेक वेळा काम चालू असताना लागत नाही. सगळे जेवायला गेल्यावर लागते.

दोन गोष्टी मात्र कधीच नाहीत. एक, डिझेलची टाकी किंवा रिकामं पिंप कटरने कापायचं नाही. "रिकामं आहे" हाच त्यातला धोका आहे. डिझेल भरलेलं असताना जेवढी भीती नाही तेवढी आत राहिलेल्या वाफेची आहे. पाण्याने धुतलं म्हणून ती जात नाही. हे काम ज्याला येतं आणि ज्याच्याकडे साधनं आहेत त्याच्याकडेच न्या.

दुसरी, बंद पडून राहिलेल्या मासळीच्या खणात एकट्याने उतरायचं नाही. सडलेल्या मासळीच्या पाण्यातून विषारी वायू सुटतो. सुरुवातीला कुजलेल्या अंड्यासारखा वास येतो, पण वायू वाढला की नाकच बधिर होतं आणि वास येईनासा होतो. वास गेला म्हणजे हवा शुद्ध झाली असं समजून माणूस खाली जातो. आधी झाकणं उघडा, खण धुवा, पंखा लावून हवा खेळवा, वर एक माणूस उभा ठेवा. खाली कोणी पडलाच तर त्याच्या मागोमाग उडी घेऊ नका, मदत बोलवा. एकामागोमाग एक उतरूनच अशा ठिकाणी दोन-तीन जीव जातात.

पाऊस आणि लाईट

आपली दुरुस्ती ऐन पावसात होते, त्याला इलाज नाही. पण ओल्या लोखंडी होडीवर, ओल्या पायांनी, जोड मारलेल्या वायरवर २३० व्होल्टचं मशीन चालवायचं, याला इलाज आहे. बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवायचा, ज्याला आपण ईएलसीबी म्हणतो. गळती झाली की तो क्षणात करंट तोडतो. त्याचं टेस्ट बटण वरचेवर दाबून बघायचं. वायरला मधे टेपचे जोड नकोत. वायर पाण्यातून आणि चकतीच्या वाटेतून न्यायची नाही. उघड्यावर पाऊस पडत असेल तर काम थांबवायचं.

आणि लाईट जाते, ही गोष्ट वेगळी. कटर चालू असताना लाईट गेली की माणूस मशीन तसंच फळीवर ठेवतो आणि चहाला जातो. बटण पुढे अडकलेलं असतं. लाईट आली की मशीन आपोआप सुरू होऊन फळीवरून उडतं. लाईट गेली की पहिलं काम बटण मागे घ्यायचं, दुसरं पिन काढायची. घरातल्या पोरांना वर ओढलेल्या होड्यांखाली खेळायला पाठवू नका, हे आयाबहिणींनी ऐकावं. बंद केल्यावरही चकती काही वेळ फिरत राहते, ती थांबेपर्यंत मशीन खाली ठेवायचं नाही.

डोळे आणि छाती

बाजारातला काळा गॉगल हा डोळ्यांचं संरक्षण नव्हे. तो फुटला तर त्याचीच काच डोळ्यात जाते. चारी बाजूंनी बंद असणारा सेफ्टी गॉगल, आणि त्यावर पूर्ण तोंड झाकणारी शील्ड, दोन्ही हवं. बाजूला मदतीला उभ्या असलेल्यालाही हवं, कारण कण कोण मशीन चालवतो ते बघून उडत नाही.

फायबर घासताना उडणारी पूड काचेची असते. जुन्या बुडाचा रंग घासताना उडणारी पूड विषारी असते, कारण शिंपल्या चिकटू नयेत म्हणून त्या रंगात मुद्दाम विष घातलेलं असतं. तोंडाला बांधलेला रुमाल यातलं काही अडवत नाही. बारीक धूळ अडवणारा मास्क घ्या, आणि तो नाकावर घट्ट बसतो का ते बघा. ते कपडे घरी पोराबाळांच्या कपड्यांत धुवू नका. आवाजाचंही तेच आहे. कानात बूच घाला. साठीतल्या किती तांडेलांना मोठ्याने बोलल्याशिवाय ऐकू येत नाही ते मोजून बघा. त्यात इंजिनाचा वाटा आहेच, पण कटरचाही आहे.

जबाबदारी कोणाची

इथे आम्हाला मुद्द्याचं बोलायचं आहे. असं काही घडलं की बैठकीत हमखास ऐकू येतं, "त्यालाच सांगितलं होतं गॉगल लाव म्हणून, ऐकत नाहीत." ऐकणारा कोण असतो? आपल्या ट्रॉलरवरचे बहुतेक खलाशी ओडिशा, झारखंड, कर्नाटकातून आलेले. बंदीत बरेच गावी जातात, मागे राहतात ते दुरुस्तीला. मालकाने "१ ऑगस्टला पहिल्या दिवशी बाहेर पडायचं आहे" म्हटलं की तो "मशीनला गार्ड नाही" असं म्हणणार आहे का? तो म्हणणार नाही. मशीन मालकाचं, चकती मालकाने आणलेली, घाई मालकाची. मग गार्डही मालकाचाच. कामावर असताना झालेल्या दुखापतीची भरपाई मालकाने द्यायची, हे या देशाच्या कायद्यात १९२३ सालापासून आहे. पण कायदा बाजूला ठेवा. जो माणूस भर समुद्रात आपल्या होडीचं सुकाणू धरतो, त्याचा डोळा आपल्या धक्क्यावर जाऊ नये, एवढं तरी आपण बघायला हवं.

"विमा आहे ना" असंही कोणी म्हणतं. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेतल्या सामूहिक अपघात विम्यात मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर ५ लाख, कायमचं अंशतः अपंगत्व आलं तर अडीच लाख, आणि इस्पितळासाठी २५ हजार अशी रक्कम ठेवलेली आहे. चांगली योजना आहे, ज्यांची नोंद नाही त्यांनी आजच करावी. पण रोजावर बोलावलेला वेल्डर मच्छीमार म्हणून नोंदलेला नसतो. आणि पंचविशीतल्या पोराच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली तर त्याला पुढची चाळीस वर्षं जाळं ओढता येणार नाही. अडीच लाखांत ती चाळीस वर्षं कशी बसवायची ते सांगा.

खर्चाचं म्हणाल तर गॉगल, शील्ड, मास्क आणि चांगली चकती हे सगळं मिळून एका फेरीच्या बर्फाएवढंही होत नाही. डिझेलला आपण मागेपुढे बघत नाही, यात मात्र घासाघीस करतो.

वेळेचं म्हणणं मात्र आम्हाला मान्य आहे. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात सगळ्यांचीच तारांबळ उडते, वेल्डर मिळत नाही, रात्रीचा बल्ब लावून काम चालतं. बहुतेक दुखापती अशाच दमलेल्या हातांनी होतात. याचा उपाय गार्ड काढणं हा नाही. कापाकापीची कामं जूनमध्ये उरकायची, रंग आणि बारीकसारीक जुलैला ठेवायचं. होड्या वर घेण्याची यादी लावताना ज्यांचं लोखंडाचं काम जास्त आहे त्यांना आधी घ्यायचं. हे संस्थेलाच करता येईल, एकट्या मालकाला नाही.

झालंच तर

डोळ्यात कण गेला तर चोळू नका. मित्राला रुमालाच्या टोकाने काढायला सांगू नका, ही धक्क्यावरची सगळ्यात वाईट सवय आहे. स्वच्छ पाण्याने धुवा. निघाला नाही, टोचत राहिलं किंवा अंधुक दिसलं तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे. लोखंडाचा कण डोळ्यात काही तासांत गंजायला लागतो. वेगाने आत घुसलेल्या कणाचं कधी कधी दुखतही नाही, म्हणून दुखत नाही यावर जाऊ नका. काही रुतलेलं दिसत असेल तर धुवू नका, ओढू नका, दाबू नका. वरून कागदी पेला उपडा धरून इस्पितळात न्या.

खोल जखम झाली तर स्वच्छ कापडाने जोरात दाबून धरा, सोडून बघत बसू नका, १०८ ला फोन करा. हळद, डिझेल, चुना काही घालू नका.

बोट तुटलं तर नीट ऐका, कारण आपल्याकडे बर्फ हाताशी असतो आणि पहिला विचार तोच येतो. तुटलेलं बोट थेट बर्फात घालायचं नाही. थेट बर्फाने ते गोठून मरतं, मग जोडता येत नाही. स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळायचं, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधायचं, आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवून रुग्णाबरोबरच पाठवायची.

आमची मागणी

येत्या सभेपुढे आम्ही या पाच गोष्टी ठेवत आहोत.

१. गार्ड आणि बाजूची मूठ नसलेल्या कटरला, तसंच लाकडाचं दातेरी पातं लावलेल्या कटरला, संस्थेच्या बोर्डावरून करंट नाही.

२. संस्थेच्या प्रत्येक बोर्डावर आरसीसीबी, आणि बंदी सुरू होण्याआधी दरवर्षी इलेक्ट्रिशियनकडून तपासणी.

३. संस्थेने चकत्या, शील्ड, गॉगल, मास्क घाऊक घेऊन सभासदांना त्याच भावात द्यावेत. चकत्यांचा साठा कोरड्या डब्यात.

४. कापण्याच्या कामासाठी धक्क्यावर वेगळी जागा, जाळी आणि फायबरच्या कामापासून लांब. तिथे अग्निशामक आणि प्रथमोपचाराची पेटी.

५. जूनच्या पहिल्या आठवड्यात खलाशी, वेल्डर आणि मेस्त यांना एक दिवस हिंदीतून, हाताने करून दाखवून माहिती. त्या दिवसाचा रोज मालकाने द्यावा.

कोणी म्हणेल, हे सगळं कारखान्यातलं आहे, आपण साधी माणसं. समुद्रात जाताना आपण लाईफ जॅकेट, वायरलेस घेतो ना? तेही एके काळी "कशाला हवं" होतं. आज तांडेल ते घेतल्याशिवाय निघत नाही. किनाऱ्यावरची सवयही तशीच बदलेल, पण आपोआप नाही. पहिल्या वर्षी कोणालातरी प्लग काढायला लागेल आणि चार शिव्या खायला लागतील. त्या खायची आमची तयारी आहे.

यंदाची बंदी अजून संपायची आहे. सभा व्हायची तेव्हा होईल, पण डब्यातला गार्ड उद्या सकाळीही लावता येतो. ही पोस्ट आपल्या होडीच्या ग्रुपवर पाठवा, ज्यांना मराठी वाचता येत नाही त्या खलाशांना वाचून सांगा. मत वेगळं असेल तर खाली लिहा, सभेत या, भांडा.

दर्या सगळ्यांना भरभरून देवो.